शेंदरात कथील नसतं

काय काम करतेस, असं कोणी विचारलं की मी सांगते, ट्रकच्या इंजिनातलं वापरलेलं तेल तपासते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो. “त्यात तपासायचं काय? काळं झालं की बदलायचं.” आता या माणसांना काय सांगणार! डिझेल इंजिनातलं तेल टाकल्यापासून दोन-चार दिवसांतच काळं होतं. काजळी पोटात धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पण हे सगळं लग्नाच्या पंगतीत सांगायला गेलं की लोक जिलबी वाढणाऱ्याकडे बघायला लागतात, म्हणून हल्ली मी “कंपनीत आहे” एवढंच सांगून मोकळी होते.

आमची लॅब हिंगण्याच्या एमआयडीसीत आहे. ट्रकवाले, खाणवाले, बसवाले आपापल्या इंजिनातलं कपभर तेल बाटलीत भरून पाठवतात. आम्ही ते किती पातळ झालं, त्यात पाणी किंवा डिझेल उतरलं का, हे बघतो. मग त्यातलं थोडं मशीनमध्ये जळतं. जळताना प्रत्येक धातू आपापला उजेड देतो आणि तेलात कुठला धातू किती आहे ते मशीन आकड्यांत मांडतं. लोखंड वाढलं तर सिलिंडरच्या आतलं अस्तर, म्हणजे लायनर, झिजतोय. सिलिकॉन वाढलं तर बाहेरची धूळ आत जाते आहे. सोडियम वाढलं तर रेडिएटरचं पाणी तेलात झिरपतंय. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय! फक्त एकच शीत दाबून चालत नाही. या वेळचे आकडे मागच्या तीन-चार वेळच्या आकड्यांशेजारी ठेवावे लागतात. आणि एखादा धातू वाढलेला दिसला की तो एकटा आलाय की जोडीदार घेऊन आलाय, हे आधी बघावं लागतं. नवीन आलेल्या मुलींना मी हे पहिल्याच दिवशी शिकवते. चांगली नाकाने कांदे सोलत शिकवते. म्हणून पुढचं सांगताना माझी मलाच लाज वाटते. तरी सांगते, कारण मी हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

माझे बाबा ट्रकवाले. वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, मग स्वतःची एक जुनी टिप्पर गाडी घेतली. खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून राख उचलायची आणि कामठीच्या आजूबाजूला विटा पाडणाऱ्यांकडे नेऊन टाकायची, हे त्यांचं काम. गाडी स्वतःच चालवायचे. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग द्यायची वेळ आली की यांना जेवण जायचं नाही. घर कामठीला. मी नोकरीसाठी नागपुरात खोली करून राहते आणि दर रविवारी शेअर ऑटोनं आईबाबांकडे जेवायला जाते.

बाबांचा सगळा भरवसा कानावर. लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, घ्यायचा, त्याचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डोळे मिटून उभे राहायचे. मग सांगायचे, तिसऱ्या नंबरचा व्हॉल्व्ह वाजून राहिला. मिस्त्री खोलायचा तर तिसऱ्याच नंबरचा निघायचा. राखेच्या रांगेत उभे असलेले ड्रायव्हर आपापल्या गाड्या त्यांना ऐकवायला आणायचे. मी लॅबमध्ये लागले तेव्हा माझं काम त्यांना समजावून सांगितलं, तर पोट धरून हसले.

“म्हणजे तू इंजिनाची लघवी तपासून राहिली!”

“तसंच समजा,” मी म्हटलं. “डॉक्टर नाही का तपासत?”

“डॉक्टर तपासते. पण तू काही डॉक्टर नाही वं.”

तरी एका रविवारी त्यांनी गंमत म्हणून बाटलीभर तेल काढून ठेवलं. वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. आमच्या साहेबांनी सांगितलं, घरचा नमुना आहे ना, मशीन रिकामं असेल तेव्हा लाव. मी लावला, तर सिलिकॉन भलतंच वर गेलेलं. राखेचे ढीग, राखेचा रस्ता, राखेचीच हवा. ती इंजिनात जात होती. मी बाबांना फोन करून सांगितलं, एअर फिल्टरच्या पुढचा रबरी पाइप काढून बघा. त्यांनी दहा कारणं सांगितली, नवीन फिल्टर आहे, मीच बसवलं आहे. शेवटी माझं तोंड बंद करायला म्हणून पाइप काढला. क्लॅम्पच्या खाली, वरून दिसणार नाही अशा जागी, बोटभर चीर निघाली.

त्या दिवसापासून त्यांचा नूरच बदलला. राखेच्या रांगेत जो भेटेल त्याला सांगायचे, “माही पोट्टी थेंब पाहून रोग सांगते. मशीनलेही समजत नाही, तिले समजते.” मशीनच सांगतं, मी फक्त वाचते, हे मी त्यांना कितीदा सांगितलं. ऐकतील तर शपथ! पुढे प्रत्येक वेळी तेल बदलताना बाटली निघायला लागली. रविवारी मी हात धुऊन पाटावर बसायच्या आधी ती गुंडाळी माझ्या पिशवीत गेलेली असायची. आई चिडायची. म्हणायची, लोकं लेकीले डब्यात लाडू देते, तुम्ही हे काय देऊन राहिले!

मग ते शिसं आलं.

एका उन्हाळ्यात त्यांच्या नमुन्यात शिसं एकदम उभं राहिलं. इंजिनाचा क्रँक, म्हणजे मुख्य दांडा, ज्या बेरिंगांवर फिरतो, त्या बेरिंगांना आतून शिशाचा लेप असतो. जुन्या गाड्यांना तर असतोच. शिसं वाढलं म्हणजे लेप जातोय, आणि लेप गेला की बेरिंग क्रँकला धरून बसतं आणि इंजिन संपतं. मी घाबरून फोन केला आणि सांगितलं, गाडी जागेवर उभी करा, एक किलोमीटरसुद्धा चालवू नका. ऐन हंगाम होता. पावसाआधी सगळ्यांना राख हवी होती. बाबांनी एका शब्दानं विचारलं नाही. गाडी उभी केली आणि मिस्त्रीला सांगून खालचा चेंबर खोलायला लावला.

मी सुट्टी टाकून गेले. मिस्त्रीनं एकेक बेरिंग काढून माझ्या हातावर ठेवलं. गुळगुळीत, चकचकीत, नुकतं बसवल्यासारखं. “ताई,” तो म्हणाला, “यात तर तोंड दिसून राहिलं. म्हणाल तर पावडर लावून घ्या.” आजूबाजूचे चार ड्रायव्हर हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी फडकं घेतलं आणि बेरिंग पुसून परत देत राहिले. मला मात्र जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

घरी आल्यावर मी बाबांना धरून बसवलं. तेलात काय टाकता? कोणी काही पावडर दिली का, कुठली बाटली ओतली का? नाही, नाही, काही नाही. तेवढ्यात आई आतून म्हणाली, “अन् तो शेंदूर?”

बाबांनी खाली बघितलं. तर प्रकार असा होता. तेल बदललं की नवीन तेल ओतायच्या आधी इंजिनाच्या तोंडात चिमूटभर शेंदूर टाकायचा. पारशिवनीकडे त्यांचं गाव आहे, तिथल्या मारुतीचा. त्यांच्या उस्तादानं शिकवलं होतं म्हणे. देवाचा शेंदूर पोटात गेला की इंजिनाला मारुतीचं बळ येतं. आणि शेंदूर म्हणजे काय? शिसंच! शिसं भाजून केलेली लाल पूड. आताशा बाजारात नुसता रंग मिळतो, पण यांच्या गावचा शेंदूर अस्सल होता. एरवी ही चिमूट कमी पडत असेल, त्या वेळी जरा मोठी पडली असेल.

दुसरी कोणी असती तर हसून सोडून दिलं असतं. मी नाही सोडलं. मिस्त्रीसमोर झालेली फजिती माझ्या डोक्यात होती, ती सगळी मी बाबांवर काढली. मी त्यांना अडाणी म्हणाले. चाळीस वर्षं गाडी चालवून अक्कल आली नाही म्हणाले. आई मधे पडली तर तिलाही बोलले. बाबा ऐकून घेत होते. सगळं संपल्यावर त्यांनी कानाची पाळी धरली आणि म्हणाले, “कानाले खडा. आता नाही टाकत. बाहेरून बोनेटले लावत जाईन, चालन ना?”

“लावा,” मी म्हटलं. “बोनेटला काय लावायचं ते लावा.”

हे सगळं आज लिहिताना माझ्या लक्षात येतं की त्या दिवशी खरी चूक माझीच होती. शिसं एकटं आलं होतं. तांबं नव्हतं, कथील नव्हतं, लोखंड जागच्या जागी होतं. बेरिंगच्या लेपात शिशाबरोबर कथील असतं आणि लेपाखाली तांबं. बेरिंग झिजलं असतं तर हे जोडीदार थोडेतरी सोबत आले असते. एकटं शिसं म्हणजे बाहेरचा पाहुणा. मी मुलींना शिकवते तेच मी बघितलं नव्हतं. पण तेव्हा हा विचार मनात आला नाही. मला फक्त एवढंच कळलं की बाबांच्या गाडीत शिसं म्हणजे शेंदूर.

पुढची पावणेदोन वर्षं बाबांचे रिपोर्ट स्वच्छ आले. शिसं उतरत उतरत नाहीसं झालं. म्हणजे माणसानं शब्द पाळला होता, त्याचा कागदोपत्री पुरावा माझ्याच कॉम्प्युटरमध्ये होता. मी त्याच्याकडे कधी त्या नजरेनं पाहिलं नाही.

गेल्या वर्षी होळीनंतरची गोष्ट. बाबांची बाटली दोन दिवस माझ्या टेबलावर पडून होती. बाहेरच्यांचे नमुने रांगेत होते. बाहेरच्यांचा रिपोर्ट छापला जातो, दोघींच्या नजरेखालून जातो, सही होते. घरच्या नमुन्याचं काय? घर की मुर्गी दाल बराबर. शेवटी नमुना मशीनला लावला आणि दुपारी डबा खाता खाता मी स्क्रीनवर त्याचे आकडे उघडले. एका हातात पोळीचा घास. शिसं पुन्हा वर गेलेलं.

मला रागच आला. काळजी वाटायला हवी होती, पण नाही, राग आला. तांबंही थोडं वर होतं, ते मला दिसलं. पण जानेवारीत बाबांनी ऑइल कूलर नवीन बसवला होता आणि नवीन कूलर सुरुवातीला तांबं सोडतो, हे मला पाठ होतं. मी तांब्याचं उत्तर तिथल्या तिथे लावून टाकलं. शिशाचं उत्तर तर आधीपासून तयार होतं. त्याच्या खाली मी नजर नेलीच नाही. घास गिळला आणि फोन लावला.

“बाबा, शेंदूर टाकला का?”

“नाही वं.”

“खरं सांगा.”

“खरंच सांगून राहिलो. कानाले खडा लावला होता ना मी.”

“मग शिसं आलं कुठून? आभाळातून पडलं?”

फोनमध्ये मागे राखेच्या रांगेतले हॉर्न वाजत होते. मग ते हळूच म्हणाले, “बेरिंग तर नसन? चेंबर खोलून पाहू का एकदा?”

त्यांनी विचारलं होतं. हे मी कधी विसरू शकत नाही, की त्यांनी स्वतः विचारलं होतं.

“काही बेरिंग-फिरिंग नाही,” मी म्हटलं. “मागच्या वेळी खोलून हसं करून घेतलं ते पुरे झालं. तुमचा शेंदूर आहे तो. टाकायचा आणि वर नाही म्हणायचं! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही.”

“बरं,” ते म्हणाले. “तू म्हणते तर काही नसन.”

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. माझं उलटं झालं. एकदा ताकाला फुंकर मारून चारचौघांत हसं झालं होतं, म्हणून या वेळी गरम दूध तसंच बापाच्या घशात ओतलं. शंका आली तर दुसरा नमुना मागवायचा, हा आमच्या लॅबचा नियम आहे. परक्या माणसाकडून मी मागवलाच असता. कारण परक्या माणसाला मी खोटारडा म्हटलं नसतं.

दहा-बारा दिवस गेले. एका दुपारी आईचा फोन आला. बाबांना काही झालं नव्हतं, हे तिनं आधी सांगितलं, म्हणजे काहीतरी झालंच होतं. भरलेली गाडी खापरखेड्याहून कामठीकडे येत होती. चढाला मोठा आवाज झाला आणि इंजिन जागेवर थांबलं. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला होता. रस्ताभर तेल सांडलं. मागची गाडी थोडक्यात थांबली, नाहीतर काय झालं असतं ते बोलायला नको. बाबा उतरून त्या तेलात उभे होते म्हणे, चप्पल काळी होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामठीला जायच्या आधी लॅबमध्ये गेले. मशीन लावायचीही गरज नव्हती. आकडे पडलेले होतेच. मी तो रिपोर्ट पुन्हा उघडला. शिसं. त्याच्या दोन ओळी खाली कथील. मागच्या प्रत्येक रिपोर्टात तिथे शून्य होतं. शेंदूरवाल्या रिपोर्टातही शून्य. या वेळी तिथे आकडा होता. मोठा नव्हता, पण होता.

शेंदरात कथील नसतं.

मी खुर्चीत बसून राहिले. शिसं, कथील, तांबं, तिघं हातात हात घालून आले होते आणि मी त्यांच्यातल्या एकालाच ओळख दाखवली होती. पहिल्या वर्षाला असलेल्या पोरीनंही सांगितलं असतं की हे बेरिंग आहे. बाबांनी तर तेल न बघता सांगितलं होतं.

गॅरेजात गाडी ओढून आणलेली होती. आई आधीच येऊन बसली होती. राखेच्या रांगेतले पाच-सहा ड्रायव्हर जमले होते, मयताला जमतात तसे, हळू आवाजात बोलत. ब्लॉकला मुठीएवढं भोक पडलं होतं. मिस्त्रीनं बेरिंगचा तुकडा दाखवला. लेप पार गेलेला, खालचं तांबं उघडं, आणि तेही खरवडलेलं. या वेळी त्यात कुणाचं तोंड दिसत नव्हतं. क्रँक कापला गेला होता. ब्लॉक गेला होता. आता बसवायला काही उरलं नाही, असं मिस्त्री म्हणाला. जुन्या गाडीत नवीन इंजिन टाकणं म्हणजे मेलेल्याला नवीन कपडे शिवणं.

“काका,” त्यानं बाबांना विचारलं, “आवाज आला असन ना दोन-चार दिवस आधी? तुमच्या कानाले तर आलाच असन.”

“आला होता,” बाबा म्हणाले.

“मंग थांबले काहून नाही?”

मिस्त्री माझ्याकडे वळला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, तो सरळच विचारत होता. “ताई, तेल तर तुमच्याकडंच जाते ना दर खेपेले? या खेपेले नाही पाहिलं का?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आईसुद्धा. मी सांगणार होते. आज कोणी विश्वास ठेवो न ठेवो, पण मी सांगायलाच तोंड उघडलं होतं. माझ्या आधी बाबा बोलले.

“पाहिलं ना तिनं. फोन करून सांगतलंही होतं. मीच शेंदूर टाकला होता तेलात, अन् टाकला नाही म्हणून खोटं बोललो. मंग तिले कसं समजन बेरिंगचं हाये का शेंदराचं? माही चूक आहे.”

मग एका ड्रायव्हरनं जीभ चावली आणि म्हणाला, “काका, तुम्ही बी ना!” आणि आईचा बांध फुटला. अरे बाप्पा, काय बोलली ती! पोरीनं एवढं बजावून सांगितलं होतं, कानाला खडा लावला होता, आणि तरी हे! म्हातारपणी बुद्धी नाठी झाली. हातातली गाडी घालवली. आता बसा मारुतीच्या पारावर. पाच-सहा माणसांसमोर ती त्यांना बोलत होती आणि बाबा मान खाली घालून ऐकत होते, मी पावणेदोन वर्षांपूर्वी बोलत होते तेव्हा ऐकलं होतं तसंच.

आणि मी मूग गिळून उभी राहिले. एक शब्द बोलायचा होता. नाही बोलले. हे लिहायला सोपं आहे, तेव्हा जीभच हलली नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. माझ्यावरचं बालंट टळलं, असं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला अजून किळस येते.

आई पुढे रिक्षानं निघून गेली, रागानं. मी आणि बाबा गॅरेजपासून घरापर्यंत चालत निघालो. ऊन रणरणत होतं. बाबांनी केबिनमधलं सामान एका पिशवीत भरून घेतलं होतं, टॉवेल, पाण्याची कॅन, चष्मा. रस्त्यात कोणी नव्हतं तेव्हा मी विचारलं, जरी मला उत्तर माहीत होतं.

“बाबा, शेंदूर टाकला होता का?”

“नाही.”

“मग तसं काहून सांगितलं?”

ते चालत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, “तुले तर मीच रांगेत डॉक्टर करून ठेवलं होतं. आता त्याच लोकांपुढं...” वाक्य तिथेच सोडलं. मग म्हणाले, “कान सांगत होता बेरिंग म्हणून. तीन दिवस सांगून राहिला होता. मी म्हटलं, पोट्टी शिकलेली आहे. कान म्हातारा झाला असन.”

मी रस्त्यात रडायला लागले. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्या बाजूनं सावली यावी म्हणून उन्हाच्या अंगानं चालायला लागले. पुन्हा त्या विषयावर ते माझ्याशी बोलले नाहीत.

गाडी भंगारात गेली. बाबा आता त्रेसष्ट वर्षांचे आहेत, या वयात दुसऱ्याची गाडी कोण देणार? आणि दिली असती तरी त्यांची गोष्ट खापरखेड्याच्या रांगेत सगळ्यांना माहीत झाली आहे. ज्यांना ते इंजिन ऐकून रोग सांगायचे, ती माणसं आता त्यांना “शेंदूरवाले काका” म्हणतात. प्रेमानं म्हणतात, पण म्हणतात. कोणी नवीन ड्रायव्हर तेलात काही टाकायला निघाला की त्याला म्हणतात, टाक, टाक, मंग शेंदूरवाल्या काकांवानी पायी जा घरी. चाळीस वर्षांचं नाव होतं त्यांचं. ते त्यांनी एका वाक्यात मला देऊन टाकलं.

लॅबमध्ये कोणाला काही माहीत नाही. घरच्या नमुन्याची फाइल नसते. साहेबांनी एकदा विचारलं, तुझ्या बाबांचा नमुना येत नाही हल्ली? मी म्हटलं, गाडी जुनी झाली होती, विकली. ते म्हणाले, बरं केलं. मी अजूनही मुलींना शिकवते, जोडीदार बघा, एकटा धातू बघू नका. शिकवताना आवाज जरा चढतो. त्यांना वाटतं मॅडम खडूस आहेत. असेन.

रविवारी मी अजून कामठीला जाते. आई वाढता वाढता कधी ना कधी त्या विषयावर येतेच. भाजीत मीठ कमी पडलं तरी तिची गाडी शेंदरावर येऊन थांबते. “पोट्टीनं सांगून ठेवलं होतं, पण ऐकन तर शपथ हा माणूस,” असं ती मला म्हणते, बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात. तिचा राग खरा आहे. तिला खरं कळण्याचा हक्क आहे. दर रविवारी ऑटोत मी ठरवून निघते की आज सांगायचं. आणि दर रविवारी मी घास खाली ठेवून “आई” म्हटलं की बाबा ताटातून मान वर न करता म्हणतात, “तू जेव वं.”

आणि मी जेवते.